गरोदरपणात आईला झालेला फ्लू पोटातल्या बाळाला लागतो का?

मृण्मयी (सातारा):

नमस्कार. मला सत्ताविसावा आठवडा सुरू आहे आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. गेल्या रविवारी सायंकाळी अचानक थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकू लागले आणि कोरडा खोकला सुरू झाला. रात्री ताप १०२ अंशांपर्यंत गेला. सोमवारी सकाळीच डॉक्टरांनी नाकाचा स्वॅब तपासायला पाठवला, तेव्हा कोरोना निगेटिव्ह आला आणि इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, असल्याचे निघाले. त्यांनी ओसेल्टामिविर या फ्लूविरोधी औषधाच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणि तापासाठी पॅरासिटामॉल दिले आहे. आज चौथा दिवस आहे. ताप उतरला आहे, खोकला आणि थकवा मात्र बराच आहे.

स्वतःच्या आजाराची मला आता फारशी भीती वाटत नाही, पण बाळाच्या काळजीने रात्री झोप लागत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की बाळ आईच्या रक्तावरच वाढते, तेव्हा आईच्या अंगातले दुखणे त्याच्यापर्यंत जायचेच. मोठ्या जाऊबाई सांगतात, की गोळ्या उष्ण असतात, त्यांनी बाळाला अपाय होईल, म्हणून ताप उतरल्याबरोबर त्या बंद कराव्यात. शिवाय २०२० मध्ये पुण्यात एका बाळाला जन्मतःच कोरोना झाल्याची बातमी वाचल्याचे मला पक्के आठवते. कोरोनाचा विषाणू बाळापर्यंत पोहोचू शकत असेल, तर फ्लूचा का पोहोचणार नाही, असा विचार सारखा मनात येतो.

श्वसनमार्गाला होणारा असा संसर्ग आईकडून गर्भाला खरोखर होतो का, आणि झाला असेल तर बाळ पोटात असताना ते कळण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांना या विषयाची माहिती आहे किंवा ज्या स्वतः यातून गेल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डॉ. वसुधा (निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर):

मृण्मयी, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरीतच लिहिते. सर्वांत आधी गोळ्यांविषयी सांगते. ओसेल्टामिविर बंद करू नकोस, पाचही दिवस पूर्ण कर. हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि तुझ्या डॉक्टरांनी तर ते पहिल्या दिवसातच सुरू केले आहे. फ्लू झालेल्या गर्भवतीला हे औषध द्यावे, असे जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात. जाऊबाईंची काळजी प्रेमापोटी आहे, परंतु औषध अर्ध्यावर सोडण्यात धोका आहे.

आता सासूबाईंचे म्हणणे. बाळ आईच्या रक्तावर वाढते हे खरे, पण आईचे रक्त बाळाच्या अंगात जात नाही. दोघांच्या मध्ये वार (प्लासेंटा) असते. दिवस भरेपर्यंत तिचे वजन साधारण अर्धा किलो होते. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे तिचे बारीक अंकुर असतात, त्या अंकुरांच्या आत बाळाचे रक्त फिरते आणि बाहेरून त्यांना आईचे रक्त भिजवत असते. अंकुरांवरचे सर्वांत बाहेरचे अस्तर विलक्षण आहे. शरीरात इतरत्र पेशींना पेशी लागून असतात आणि त्यांच्या मध्ये सांधे असतात, पण या अस्तरात पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड थर झालेला असतो. सांधाच नसल्यामुळे जंतूला आत घुसायला फट मिळत नाही. प्राणवायू, साखर आणि आईची संरक्षक प्रतिपिंडे (अँटिबॉडी) यांना हे अस्तर आत घेते. बहुतेक विषाणूंना घेत नाही.

विषाणूला ही वेस ओलांडायची तर आधी तो आईच्या रक्तात पुरेशा प्रमाणात उतरायला हवा. हंगामी फ्लूचा विषाणू तिथेच अडतो. पेशीत शिरण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन विशिष्ट जागी कापले जावे लागते, आणि ते कापणारी विकरे (एन्झाइम) मुख्यतः नाक, घसा आणि फुप्फुसांच्या वाटेवर असतात. म्हणून तो तिथेच वाढतो, तिथेच धुमाकूळ घालतो आणि रक्तात क्वचितच सापडतो. हंगामी फ्लू आईकडून गर्भात गेल्याची उदाहरणे इतकी विरळ आहेत, की माझ्या सबंध कारकिर्दीत मी असे एकही बाळ पाहिले नाही. बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू मात्र वेगळा आहे, कारण त्याला शरीरात सर्वत्र असणारी विकरेही चालतात. चीनमध्ये एक गर्भवती त्याने दगावली, तेव्हा तिच्या वारेत आणि गर्भातही तो सापडला होता. हा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुला झालेला हंगामी फ्लू त्या जातीचा नाही.

इथे एक फरक नीट समजून घे. श्वासावाटे अंगात येणारे सगळेच विषाणू श्वसनमार्गात थांबत नाहीत. रुबेला (जर्मन गोवर) हाही खोकल्या-शिंकेतूनच पसरतो, पण तो रक्तात उतरतो, वारेत वाढतो आणि गर्भाला गाठतो. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बाळे एकामागून एक येऊ लागली, आणि चौकशीअंती त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचे आढळले. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर बाळात दोष राहण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या राज्यातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. म्हणजे सासूबाईंच्या मनातली भीती निराधार नाही, फक्त ती रुबेलाला लागू पडते, तुझ्या फ्लूला नाही.

फ्लूचा धोका असतो तो मुख्यतः आईला, आणि आईमार्फत बाळाला. गरोदरपणात छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा पडदा सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलला जातो, श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा घटते आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून न्यूमोनिया झालाच तर गर्भवतीची प्रकृती फार लवकर ढासळते. १९१८ च्या साथीत हे दिसले, १९५७ मध्ये दिसले, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यापासून आमच्या कोल्हापुरापर्यंत आम्ही डॉक्टरांनी ते स्वतः पाहिले. त्या वर्षी दगावलेल्या काही जणी वेळेत औषध मिळते तर वाचल्या असत्या, हे शल्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

तीव्र तापाचा स्वतंत्र परिणाम होतो तो अगदी सुरुवातीला, बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटत असताना, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास. तो काळ तू केव्हाच मागे टाकला आहेस. तरीही ताप अंगावर काढू नकोस, पॅरासिटामॉल घे. आयब्युप्रोफेन किंवा तसल्या वेदनाशामक गोळ्या मात्र वीस आठवड्यांनंतर स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यांच्यामुळे गर्भजल कमी होऊ शकते. दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ म्हणून कुणी आणून दिली, तरी आधी पाकिटावर काय लिहिले आहे ते वाच.

पोटात असतानाच तपासणी करता येते का, असे तू विचारलेस. गर्भजल सुईने काढून त्यात विषाणू शोधता येतो, पण हंगामी फ्लूसाठी ते कुणी करत नाही आणि करूही नये, कारण त्या तपासणीत गर्भपाताचा किंवा वेळेआधी प्रसूती होण्याचा थोडा का होईना धोका असतो. बाळाची वाढ, त्याची हालचाल आणि गर्भजलाचे प्रमाण सोनोग्राफीत दिसते, तेवढे पुरे आहे.

शुभांगी (नाशिक):

मृण्मयीताई, मी डॉक्टर नाही, पण तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सदतिसाव्या आठवड्यात मला कोरोना झाला. प्राणवायूची पातळी खाली आल्यामुळे मला दाखल करून प्राणवायू लावावा लागला आणि दोन दिवसांनी सिझेरियन झाले. मुलीचा स्वॅब पहिल्या दिवशी घेतला, तो निगेटिव्ह आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, तोही निगेटिव्ह आला. मी इतकी आजारी होते, तरी ती पूर्णपणे सुखरूप होती.

जे सोसले ते त्यानंतर. त्या रुग्णालयाने मुलीला नऊ दिवस माझ्यापासून दूर ठेवले. मला तिचा चेहरा फक्त परिचारिकेच्या मोबाइलवर दिसायचा. दूध दाटून यायचे आणि मी ते पिळून टाकायचे, कारण आईच्या दुधातून बाळाला कोरोना होईल असे मला ठामपणे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्येच सांगितले होते, की संसर्ग झालेल्या आईने मास्क लावून, हात स्वच्छ धुऊन बाळाला अंगावर पाजावे आणि जवळ ठेवावे. म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी! मला ते माहीत नव्हते आणि विचारण्याचे भानही राहिले नव्हते. त्या नऊ दिवसांत मुलीला वरच्या दुधाची सवय लागली, ती पुढे महिनाभर नीट अंगावर पिईना.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की तुमच्या बाळंतपणाला अजून तीन महिने आहेत. त्या वेळी पुन्हा सर्दी-ताप आलाच तर बाळाला जवळ ठेवणार की नाही, पाजू देणार की नाही, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. आणि कोरोनाची लस गर्भवतींना देण्यास आपल्या सरकारने २ जुलै २०२१ रोजी परवानगी दिली. माझे बाळंतपण त्याआधी काही आठवडे झाले होते. ती लस मला मिळाली असती तर कदाचित प्राणवायू लावण्याची वेळ आली नसती, असे मला अजूनही वाटते.

अनिरुद्ध (सूक्ष्मजीवशास्त्राचा अध्यापक, पुणे):

मृण्मयीताईंना आठवते ती बातमी खरी आहे, आणि ती पुण्यातच घडली. ससून रुग्णालयात २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस जन्मलेल्या एका मुलीविषयीची ती बातमी जुलैमध्ये प्रसिद्ध झाली. आईला बाळंतपणाच्या सुमारास ताप आला होता, पण तिचा स्वॅब निगेटिव्ह होता. मुलीच्या नाकाचा स्वॅब, नाळेचा तुकडा आणि वार या तिन्हींत मात्र विषाणू सापडला. दोन-तीन दिवसांत मुलीची प्रकृती गंभीर झाली, परंतु ससूनच्या बालरोग विभागाच्या डॉक्टरांनी तिला वाचवले आणि काही आठवड्यांनी ती बरी होऊन घरी गेली. भारतातले असे हे पहिले नोंदलेले प्रकरण मानले जाते.

ते एवढे गाजले, कारण अशी गोष्ट सिद्ध करणे फार अवघड असते. जन्मानंतर दोन दिवसांनी बाळाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, तर संसर्ग पोटात झाला, प्रसूतीच्या वेळी झाला, की नंतर आईच्या किंवा परिचारिकेच्या श्वासातून झाला, हे त्या एका चाचणीवरून सांगता येत नाही. गर्भाशयातच संसर्ग झाला असे म्हणायचे तर जन्मानंतर पहिल्या काही तासांतला नमुना, वार, नाळेतले रक्त आणि शक्य झाल्यास पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटण्याआधी घेतलेले गर्भजल असा पुरावा लागतो, आणि पुढच्या दिवसांतही चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, नाहीतर पहिला निकाल वरवरच्या दूषिततेमुळे आला असेल अशी शंका उरते. असे निकष जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवून दिले. त्याआधीचे वर्ष गोंधळाचेच गेले.

फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानमधल्या नऊ गर्भवतींचा अहवाल आला. त्यांपैकी सहा जणींचे गर्भजल, नाळेतले रक्त, बाळाच्या घशाचा स्वॅब आणि दूध तपासले होते, आणि कशातच विषाणू नव्हता. लोकांनी निःश्वास सोडला. मार्चच्या अखेरीस दुसरे अहवाल आले, की काही नवजात बाळांच्या रक्तात आयजीएम जातीची प्रतिपिंडे सापडली आहेत. आयजीएमचा रेणू मोठा असल्यामुळे तो वार ओलांडत नाही, तेव्हा ती बाळानेच तयार केली असणार, म्हणजेच संसर्ग पोटात झाला असणार, असा तर्क मांडला गेला. तर्क योग्य होता, पण आयजीएमची चाचणी पुष्कळदा खोटी पॉझिटिव्ह येते आणि त्या बाळांचे स्वॅब निगेटिव्ह होते. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण दरवर्षी देतो.

ठोस पुरावा मिळाला तो पॅरिसजवळच्या क्लामार येथे. मार्च २०२० मध्ये तिथे जन्मलेल्या एका बाळाच्या बाबतीत सिझेरियन करताना, पाणमोट फुटण्याआधी काढलेल्या गर्भजलात विषाणू होता, आईच्या आणि बाळाच्या रक्तात होता, आणि सर्वांत जास्त होता तो वारेत. तिसऱ्या दिवशी बाळाला मज्जासंस्थेची लक्षणे दिसू लागली, पण तेही पुढे सुधारले.

यावरून दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. कोरोना वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतो, हे निश्चित आहे. तो क्वचितच जातो, हेही तितकेच निश्चित आहे. नंतर जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संसर्ग झालेल्या मातांच्या बाळांपैकी २ टक्क्यांहून कमी बाळे पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यांतही पोटातच संसर्ग झाल्याचे सिद्ध झालेली बाळे अगदी मोजकी होती. याचे एक कारण वारेच्या पेशींतच आहे. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी एसीई२ हे पेशीवरचे ग्राही प्रथिन (रिसेप्टर) आणि टीएमपीआरएसएस२ हे विकर अशी दोन्ही साधने लागतात, आणि वारेत ही दोन्ही एकाच पेशीवर असण्याचे प्रमाण फार कमी असते.

तरीही ‘बाळाला लागला का’ हा एकच प्रश्न विचारला, तर एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. क्वचित विषाणू वारेतच थांबतो आणि तिचाच नाश करतो. अंकुरांच्या भोवती रक्तातले तंतू साकळतात, अस्तर मरते आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. अशा प्रसंगी पुष्कळदा बाळाच्या अवयवांत विषाणू नसतोच, तरी ते पोटातच दगावते. अमेरिकेत मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातल्या साडेबारा लाखांच्या आसपास प्रसूतींची पाहणी झाली. कोरोना नसलेल्या स्त्रियांत मृतजन्माचे प्रमाण ०.६४ टक्के होते, कोरोना असलेल्यांत १.२६ टक्के, आणि विषाणूच्या डेल्टा या प्रकाराच्या काळात ते २.७ टक्क्यांवर गेले. शुभांगीताईंनी आपल्याकडच्या ज्या लाटेचे वर्णन केले, तीही डेल्टाचीच. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने अशा गर्भवतींची नोंदवही सुरू केली होती आणि नायर रुग्णालयात संसर्ग झालेल्या शेकडो मातांची बाळंतपणे झाली. त्या नोंदींतही दुसऱ्या लाटेत मातांचे हाल पहिल्या लाटेपेक्षा कितीतरी अधिक झाल्याचे दिसले.

मृण्मयीताई, हे आकडे कोरोनाचे आहेत, आणि तेही मुख्यतः लस न घेतलेल्या मातांचे. फ्लूच्या विषाणूची वारेशी अशी सलगी नाही, तेव्हा हे वाचून नवी चिंता करू नका.

मृण्मयी (सातारा):

सर्वांचे मनापासून आभार. डॉ. वसुधांचे उत्तर मी सासूबाईंना संपूर्ण वाचून दाखवले. वारेचे वर्णन ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, की आमच्या वेळी हे कुणी सांगितलेच नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही, हे आता त्याच विचारतात. शुभांगीताई, तुमचे वाचून डोळे भरून आले. उद्याच्या तपासणीत मी तो प्रश्न लिहून नेणार आहे.

डॉक्टर, एवढेच आणखी विचारते: आता फ्लू होऊन गेला, तर फ्लूची लस घ्यायची गरज उरते का? आणि माझ्या अंगात तयार झालेल्या प्रतिकारशक्तीचा बाळाला काही उपयोग होतो का?

डॉ. वसुधा (निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर):

होतो, आणि चांगला होतो. वार विषाणूला अडवते, पण आयजीजी जातीची प्रतिपिंडे ती स्वतःहून उचलून बाळाकडे पोहोचवते. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास हळूहळू सुरू होते, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर वेग घेते आणि शेवटच्या महिन्यात सर्वाधिक होते. तुझ्या शरीरात या आठवड्यात जी प्रतिपिंडे तयार होत आहेत, ती पुढचे तीन महिने बाळाच्या रक्तात साठत जातील.

लस तरीही घे, मात्र पूर्ण बरी झाल्यावर. तुला इन्फ्लुएन्झा ए चा एकच प्रकार झाला आहे. लशीत ए चे दोन प्रकार असतात आणि बी देखील असतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूचा जोर होतो आणि थंडीतही तो पुन्हा डोके वर काढतो, म्हणजे बाळ तान्हे असताना घरात फ्लू येण्याची शक्यता आहेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला मिळते ते आईच्या प्रतिपिंडांचेच संरक्षण. बांगलादेशात गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत ही लस देऊन त्यांच्या बाळांवर सहा महिने लक्ष ठेवले होते. २००८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार, चाचणीने सिद्ध झालेला फ्लू त्या बाळांत ६३ टक्क्यांनी कमी आढळला. इंजेक्शनची लस घ्यायची, कारण तीत विषाणू मेलेला असतो. नाकात फवारण्याच्या लशीत तो जिवंत असतो, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत.

शुभांगीने लिहिले ते फ्लूलाही लागू आहे. बाळंतपणाच्या वेळी फ्लू असलाच तर मास्क लाव, हात धू आणि पहिला चीक बाळाला मिळू दे.

आता पुढच्या आठवड्याभराचे सांगते. घरात ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून तीन वेळा बोटाला लाव. आकडा ९५ च्या खाली दिसला, बोलताना धाप लागू लागली, छातीत दुखले किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी उलटून आला, तर सकाळची वाट पाहू नकोस, त्याच रात्री रुग्णालय गाठ. डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचालीकडे लक्ष दे. ती नेहमीपेक्षा कमी वाटली, तरीही लगेच रुग्णालय गाठ. तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून बाळाचे वजन योग्य गतीने वाढते आहे ना, ते पाहून घे, आणि त्याचा अहवाल जमल्यास इथे कळव.